पाव फेरा

न्हाणीघरात नळ सुटल्याचा आवाज आला, तसे दत्तप्रसाद लेंग्याच्या खिशात स्क्रू ड्रायव्हर सरकवून जिना उतरले. शुभंकरची आंघोळ म्हणजे हाताशी बराच वेळ होता, पण चोरून काही करायचं म्हटलं की माणसाला धीर कुठला.

जिन्याच्या तोंडाशी सोसायटीचे सेक्रेटरी बाळ करंदीकर दुधाच्या पिशव्या घेऊन उभेच होते.

“काय दत्तोपंत, चिरंजीवांचं विमान उडणार कधी?”

“वेधशाळेला विचारून कळवतो,” म्हणत दत्तप्रसादांनी त्यांना वाटेला लावलं.

कोथरूडच्या त्या पार्किंगमध्ये जुनी एस्टीम बॉनेट उघडं टाकून उभी होती. इंजिनाला हवा घ्यायचं मूळचं एकच तोंड. ते काढून शुभंकरने तिथे जुन्या बाजारातून आणलेल्या, कुठल्याशा मोठ्या मोटरसायकलच्या चार थ्रॉटल बॉड्या बसवल्या होत्या. प्रत्येक सिलिंडरला आपापली. चौघी सारखी हवा ओढायला लागल्या की वर जोडलेल्या चार मीटरचे काटे एका रेषेत यायचे, आणि त्यासाठी प्रत्येकीवर एक बारका स्क्रू होता. एवढं दत्तप्रसादांना आता कळत होतं. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली असली, तरी रोज मुलाशेजारी टॉर्च धरून उभं राहिलं की माणूस शिकतोच.

मंदीत कंपनीने घरी बसवलं, तेव्हा शुभंकर खोलीचा पडदा ओढून भिंतीकडे तोंड करून पडायला लागला होता. दाढी नाही, जेवणाचं भान नाही. त्याची बायको उत्कर्षा ऑफिसला जाताना खोलीच्या दाराशी जरा थांबायची आणि निघून जायची. मग या थ्रॉटल बॉड्या घरात आल्या आणि पोरगा माणसात आला. पानात वाढीव पोळी मागून घ्यायला लागला. पण ज्या दिवशी काटे पहिल्यांदा जुळले, त्या दिवशी “झालं” म्हणून त्याने हात पुसले, वर गेला आणि पुन्हा पडदा ओढून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तप्रसादांनी गुपचूप खाली येऊन तिसरा स्क्रू पाव फेरा फिरवला.

“रात्रीत कसं काय हललं?” म्हणत शुभंकर दिवसभर इंजिनात डोकं घालून बसला. तेव्हापासून दत्तप्रसादांचा हा नेमच झाला. देवपूजा एखादे वेळी चुकली असेल, हे नाही.

आज मात्र स्क्रू ऐकेना. टोक खाचेत बसल्यासारखं वाटायचं आणि निसटायचं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, जोर लावला. स्क्रू ड्रायव्हर सटकला आणि बोटाचं सालपट निघालं. आज हा फिरला नाही तर काटे जुळलेलेच राहणार, आणि मग वर तो पडदा.

“बाबा.”

शुभंकर मागे उभा होता. केस कोरडे, अंगात कालचाच ऑइलचे डाग पडलेला टीशर्ट.

दत्तप्रसादांनी हात पाठीमागे नेला. काहीतरी बोलायला हवं होतं.

“नळ बंद केलास का?” त्यांनी विचारलं.

“केला.”

तो पुढे आला आणि वाकून त्याने त्या स्क्रूवरून अंगठा फिरवला. मग टपावरचा टॉर्च उचलून त्याने वडिलांच्या हातात दिला.

“तिसऱ्या स्क्रूची खाच पार गेलीय,” तो म्हणाला. “उद्यापासून दुसरा फिरवत जा.”