ताज्या बर्फातले ठसे

खुब्याच्या ऑपरेशनपासून आर्डिसबाईंच्या घरी दर मंगळवारी एकच माणूस यायचं, व्यायाम करून घेणारी ब्रिन. वॉकर धरूनही बाई कशाबशा चार पावलं टाकायच्या, मग दोघी कॉफी प्यायच्या. पेशंट आधाराशिवाय चालू लागला की भेटी बंद, हा नियम दोघींनाही पाठ होता.

"उद्या माझ्या बॉस तुमची चाल बघायला येणार आहेत," ब्रिन म्हणाली. "आणि जरा लोकांत मिसळा हो."

"कुणात मिसळू, पोरी? या रस्त्यावर आता मी आणि दाणे टिपणाऱ्या चिमण्या, एवढेच उरलोय."

ब्रिनने खिडकीबाहेर पाहिलं. अंगणाच्या टोकाला झाडावर टांगलेलं दाण्यांचं भांडं काठोकाठ भरलेलं होतं. पहाटे पडलेल्या बर्फात तिथवर बुटांचे ठसे गेले होते, सारख्या अंतराचे, ठाम. वॉकरची खूण कुठेच नव्हती.

आर्डिसबाईंनी मान खाली घातली.

"नियम माझ्या हातात नाहीत हो," एवढंच बोलून ब्रिन बाहेर पडली.


मग दाराशी टेकवलेलं फावडं घेऊन ती झाडापर्यंतचा सगळा बर्फ उपसत गेली.