पहारेकरी

"सारखं बघत बसू नकोस गं. बघणाराच घाबरला की सरळ चाललेलंही अडतं. ऊठ, कामाला लाग."

तो आवाज सकाळपासून तिच्या कानात होता. तरीही ती पडद्यावरच्या हिरव्या रेघेकडे बघतच होती.

रेघ एकदम खाली कोसळली.

"गेला!" शेजारच्या टेबलावरचा चष्मेवाला ओरडला. "पहिला राउटर गेला. पुन्हा कर्नल क्रॅश!"

"दुसऱ्याने भार घेतलाय," ती हळूच म्हणाली. ती नेहमी हळूच बोलायची. ऑफिसात तिला गोगलगाय म्हणत, आणि तिला ते माहीत होतं.

इस्पितळाचा फोन वाजला. साहेबांनी झडप घालून उचलला. "हो डॉक्टर, चित्र थांबलं होतं. आता येतंय ना? हो, हो." त्यांनी फोन ठेवला आणि कपाळ पुसलं.

इस्पितळातल्या ऑपरेशनचं चित्र या दोन राउटरांमधून लांबच्या एका मोठ्या सर्जनकडे जात होतं. ते बघून सांगत आणि इथली तरुण डॉक्टर हात चालवी. मेंदूतली गाठ होती. चित्र थांबलं की हात थांबे. कवटी उघडलेली होती, आता मागे फिरायची सोय नव्हती.

मागे हे राउटर असेच पडायचे. मेमरी कार्ड बदललं, सुट्ट्यांचे दिवस आले, लाइनवरची वर्दळ कमी झाली, आणि ते शहाण्यासारखे वागू लागले. म्हणून आजचं ऑपरेशन ठरलं. आज वर्दळ वाढली आणि त्यांनी पुन्हा माना टाकल्या.

पहिला राउटर सावकाश उठत होता. वाट बघताना चष्मेवाल्याची नजर तिच्या कीबोर्डशेजारच्या छोट्या प्लास्टिकच्या डबीवर गेली.

"खाऊ असेल तर काढा बाई. पोटात कावळे ओरडताहेत."

"खाण्याच्या कामाचीच आहे," ती म्हणाली, "पण खाऊ नाही. सांभाळायला दिलीय कुणीतरी."

"तुमच्याकडे काय, कुणीही काहीही सांभाळायला देतं."

ती किंचित हसली आणि पुन्हा बाजूच्या लॅपटॉपकडे वळली. तिने दोन्ही राउटरांना स्वतंत्र वायर लावून ती या लॅपटॉपला जोडली होती. कर्नल, म्हणजे राउटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा गाभा, कोसळताना शेवटचे चार शब्द टाकून जातो. ते पकडायचे होते.

"दुसराही पडला!" चष्मेवाला म्हणाला. "पहिला अजून उठला नाही!"

फोन वाजू लागला. या वेळी साहेबांचा हात पुढे होईना.

"ऊठ रे बाबा, ऊठ," चष्मेवाला राउटरची विनवणी करत होता.

उठला. रेघ वर आली. फोन वाजायचा थांबला.

ती मात्र शेवटचे शब्द वाचत होती. दर वेळी कर्नल वेगळ्याच जागी पडत होता. पण प्रत्येक पडण्याच्या आधी एकच नाव होतं: पहारेकरी. मागच्या बिघाडांच्या वेळी त्यांनीच कर्नलच्या आत बसवलेला प्रोग्राम. जाणाऱ्या डेटाच्या प्रत्येक पॅकेटवर तो नजर ठेवी. त्याच्यामुळेच पडद्यावर हिरवी रेघ दिसे.

"साहेब, कार्ड बदललं तेव्हाच मूळ दुखणं गेलं होतं. आता हा पहारेकरीच मारतोय. वर्दळ वाढली की बघता बघता सगळी मेमरी खातो. दोन्हीकडून काढू या."

"काढू या? म्हणजे डोळे फोडून घ्यायचे? लाइन तुटली तरी इथे कळणार नाही!"

"फोन वाजेल की."

"आणि तुमचं चुकलं तर?"

तिचा हात डबीवर गेला. "चुकलं तर पेशंटच्या घरच्यांना मी सांगेन."

"बोलायला काय जातंय तुमचं!"

साहेबांनी एकदा फोनकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. "काढा."

तिने काढला. हिरवी रेघ नाहीशी झाली. पडदा काळा पडला.

आता बघण्यासारखं काहीच नव्हतं. तिने डोळे मिटले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. साहेब फोनसमोर उभे राहिले. लाइनवर वर्दळ वाढतच होती. फोन गप्प होता. चष्मेवाल्याने चष्मा पुसला, घातला, पुन्हा पुसला. फोन गप्पच होता.

कितीतरी वेळाने तो वाजला.

कोणी हलेना. शेवटी तिनेच उचलला, ऐकलं, "बरं" म्हणाली आणि जपून खाली ठेवला.

"गाठ निघाली. चित्र एकदाही थांबलं नाही. टाके घालताहेत."

चष्मेवाल्याने टेबलावर थाप मारली. साहेब धपकन खुर्चीत बसले. "खरं सांगू बाई? म्हणूनच तुम्हाला इथे बसवलं. दुसऱ्या कुणाचे हात थरथरले असते."

"मी निघू का, साहेब?"

"आत्ता? निघा, निघा. पण एवढी घाई कसली?"

"एकांना शब्द दिलाय."

तिने डबी रुमालात गुंडाळली आणि जिना उतरली. खालच्या नळाशी थांबून ती उघडली. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या, शुद्धीवर आले की सगळ्यांत आधी ही दे, त्या पोरसवद्या डॉक्टरणीपुढे बोळकं घेऊन हसायची नाही मी, असं बजावून सासूबाईंनी सकाळी काढून दिलेली कवळी तिने स्वच्छ धुतली, आणि इस्पितळाच्या रस्त्याला लागली.