बाजारच्या दिवसाचा घोडा

दिवे लागायच्या आधीच झुलालचा हात घोड्याकडे गेला आणि तो स्वतःच चपापला. खेळत तो नव्हताच. खेळत होती समोरची बुद्धिबळाची पेटी, मोतीलाल शेठच्या जावयाने दुबईहून आणलेली. पटाच्या कडेला तिचे बारीक लाल दिवे लागायचे. उभा आणि आडवा दिवा जिथे मिळेल तिथला मोहरा उचलायचा, पुन्हा दिवे लागतील त्या घरात ठेवायचा, एवढंच आता झुलालकडे राहिलं होतं.

दोंडाईच्यातल्या त्या मिरचीच्या पेढीवर झुलाल नावाला मापाडी. सतरा वर्षांत त्याने तराजूला हात लावला असेल तर शपथ! त्याची भाकर शेठसोबतच्या दुपारच्या डावावर होती. आठवडाभर तो शेठना धूळ चारायचा. बाजारच्या दिवशी मात्र, पेढी माणसांनी भरली की, राजाजवळचा घोडा राखण सोडून अलगद बाजूला घ्यायचा आणि शेठच्या प्याद्याला वाट द्यायची. प्याद्याने मात, म्हणजे चारचौघांत केवढा मान! शेठ आठ दिवस त्या मानावर खूष असायचे. हे गुपित त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

पेटी आल्यापासून शेठ सलग नऊ डाव हरले होते. त्यांचं तोंड कारल्यासारखं झालं होतं आणि झुलाल मनातून निर्धास्त होता. 'पेटीले जितता येस, हारता कोठे येस? बाजारना दिन शेठ तिले फेकी दी.'

आज बाजार होता. मिरचीच्या ठसक्याने माणसं शिंकत होती, पण पटाभोवतीचं कोंडाळं हलत नव्हतं.

झुलालचा हात घोड्यावर तसाच राहिला. सतरा वर्षांची सवय, दुसरं काय. त्याने तो मागे घ्यायला हवा होता. तेवढ्यात उभा दिवा लागला. मग आडवा.

घोडाच.

पुन्हा दिवे लागले. राखण सोडून, बाजूला. झुलाल तो नेहमी ठेवायचा त्याच घरात.

त्याने घोडा ठेवला. शेठनी डोळे बारीक केले, पटावर नीट पाहिलं आणि प्यादं एक घर पुढे सरकवलं.

"मात!" मगन दलाल ओरडला. "तेबी प्यादावरी! वा शेठ!"

"हाई पेटीले कोनी सांगं, आज बाजार शे?" झुलाल पुटपुटला. त्या गलक्यात ते कोणालाच ऐकू गेलं नाही.

शेठ डोळ्यांतलं पाणी पुसत हसत होते. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा खुलला होता.

"काय मजा आली रे झुलाल! अगदी तुझ्याशीच खेळतोय असं वाटलं." मग ते सहज म्हणाले, "उद्यापासून तिचे मोहरे मीच हलवत जाईन. तू तराजूवर बस. आता हिला बंद करून ठेव."

माणसं पांगली. झुलालने भिंतीतून पेटीची वायर उपसली आणि हाताला गुंडाळू लागला. पूर्ण गुंडाळून झाली. वायरीचं टोक त्याच्या मुठीत होतं.

पटाच्या कडेला घोड्याच्या त्या घराचे दोन दिवे अजून लागलेलेच होते.