नावावरून कळत नाही

सांगलीत नव्यानं निघालेल्या कॉम्प्युटर क्लासात महेंद्र मोरे जावास्क्रिप्ट शिकवायचा. त्या सकाळी तो पोरांना म्हणाला, "ह्या भाषेत डब्याच्या, म्हणजे व्हेरिएबलच्या, नावावरून आत काय आहे ते कळत नाही. आकडा असेल, अक्षरं असतील. म्हणून प्रोग्रॅम चालू असतानाच 'टाइपऑफ' लावून विचारायचं, बाबा रे, तू नक्की कोण?"

"एकदा विचारलं की भागतं ना सर?" प्रांजलनं विचारलं.

"कुठलं भागतंय! दर वेळी विचारायचं."

संध्याकाळी तो नव्या खोलीवर आला, तर घरमालक आबा दारातच खुर्ची टाकून बसलेले.

"मोरे म्हंजे कुंडलचे न्हवं? गावात घर कुठल्या अंगाला?"

लय पायपीट केल्यावर महेंद्रला ही खोली मिळाली होती.

"वरच्या आळीला," त्यानं थाप मारली. "मारुतीच्या देवळामागं."

"मंग आपल्यातलंच की तुमी!" आबा खुलले.

तेवढ्यात आतून ठोकल्याचा आवाज आला. त्याची बायको माया बाबासाहेबांच्या फोटोसाठी भिंतीत खिळा मारत होती.

"फोटो लावताय जणू," म्हणत आबा उठले आणि चपला काढून आत निघाले. "बघू तरी, कुठला देव हाय तुमचा."