दुसरं टोक

“तू नको येऊस, तुझ्या बडबडीने मासे पळतात,” असं धाकट्या बहिणीला सांगून दादा दर रविवारी गळ घेऊन एकटाच तळ्यावर जायचा. पण मासेमारीसाठी कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी, घ्यायची ठरली, तेव्हा ती निवडायचं काम मात्र त्याने तिच्याच गळ्यात मारलं.

तिने मन लावून निवडली. चांगली रुंद, ऐसपैस, आत उभं राहून गळ टाकला तरी कलंडणार नाही अशी. वजनाचं त्याने विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

रविवारी दादाने होडी उचलायला घेतली, तर ती जागची हलेना. शेवटी कंबर चोळत तो तिच्या खिडकीखाली आला. “माझी गुणाची बाय ना तू, जरा दुसरं टोक धर. हवं तर तूही चल.”



ती गोड हसली. “नको रे दादा, मासे पळतील.”