चुंबकाचा निबंध

पालकसभेत निबंध वाचण्यासाठी सुवर्णा उभी राहिली, आणि तेवढ्यात दारातून आईच्या पाठोपाठ भागीबाई आत आली.

सुवर्णाच्या हातातला कागद घामाने मऊ झाला. भागीबाई आईच्या माहेरची, कळवणकडची. नातवाचं नाव नुकतंच या शाळेत घातलं होतं. इथली प्रत्येक बातमी ती गावी नेई; आणि गावात सगळ्यांची समजूत होती, की सुवर्णाची आई चिमणाबाई नाशिकजवळ अंबडला कंपनीत कामाला आहे.

"गाइडात पाहून लिहू नका," शेखर सरांनी वर्गात सांगितलं होतं. "गाइडातली आई तुमची नाही. तुमच्या आईला जे जमतं, ते लिहा."

सुवर्णाने लिहिलं होतं : आई दोरीला चुंबक बांधते, कारखान्यांबाहेरच्या धुळीतून ओढत नेते आणि चिकटलेला लोखंडाचा कीस भंगारवाल्याला विकते. लिहिताना ती सुखावली होती. एवढं सांगण्याजोगं आपल्याही घरी आहे, हे तिला प्रथमच जाणवलं होतं. घरी मात्र तिने ते दाखवलं नव्हतं.

"आईवर लिवलंस म्हनं?" बाकावर टेकत भागीबाई म्हणाली. "कंपनीवाली आई तुझी. सायबाचं नाव बी लिवलं का?"

दोघीतिघी हसल्या. आई हसली नाही. तिची नजर जमिनीवर होती.

सुवर्णाने कागद खाली केला.

"माझी आई पहाटे उठते," ती गाइडातलं पाठ केलेलं म्हणू लागली. "अंगणात सडा घालते, रांगोळी काढते. तुळशीला पाणी घालते." तिच्या पत्र्याच्या खोलीला अंगण नव्हतं. क्षणभर थांबून तिने स्वतःचं एक वाक्य जोडलं, "मग ती कंपनीत जाते."

सरांनी तिला अडवलं नाही. त्यांनी हळूच मागच्या बाकाकडे पाहिलं.

चिमणाबाई उठून उभी राहिली.

"हे नाय," ती म्हणाली. "सरांनी परवा रस्त्यावर थांबून मला वाचून दाखवलं ना, ते चुंबकाचं वाच."

भागीबाईने वळून पाहिलं. चिमणाबाईने पदर खांद्यावर नीट घेतला आणि ती भागीबाईच्या शेजारी, अगदी खेटून बसली.

"आन् जरा मोठ्यानं," ती म्हणाली. "भागीबाईला गावाकडं सांगायचं हाय."