तबक धरणारा

पदवीदान समारंभात प्राचार्यांच्या शेजारी प्रमाणपत्रांचं तबक धरून उभं राहायचं, हे माझं एकतीस वर्षांचं काम. कॉलेजचा शिपाई मी. सगळे मला मामा म्हणतात. खरं नाव कुणाला ठाऊक नाही आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नाही.

लेक याच कॉलेजात आली आणि दर सत्राला जादा विषय घेऊ लागली. डोळे सुजेपर्यंत वाचायची. मी एकदा खेकसलोच, "चार वर्षांची पदवी तीन वर्षांत कशाला? गाडी सुटतेय का तुझी?"

"माझी नाही, तुमची. तुम्ही यंदा रिटायर होणार. पुढच्या वर्षी तबक दुसऱ्याच कुणाच्या हातात असेल, अण्णा. मला ते चालणार नाही."

आज माइकवरून पुकारा झाला, "चार वर्षांचा अभ्यासक्रम तीन वर्षांत पूर्ण करणारी आपली पहिली विद्यार्थिनी, तृप्ती दशरथ भोईटे!"

माझं नाव अख्ख्या सभागृहात घुमलं. पहिल्या रांगेतले प्राध्यापक चमकून माझ्याकडे बघू लागले. लेक पायऱ्या चढत होती, टाळ्यांचा कडकडाट थांबत नव्हता, आणि मी आपला तबक घट्ट धरून खांबासारखा उभा.

प्राचार्यांनी तिच्या हाती प्रमाणपत्र दिलं आणि ते माझ्याकडे वळले.

"दशरथराव, ते तबक द्या इकडे."

"कशाला, साहेब? माझं काम आहे ते."

"आज मी धरतो. टाळ्या वाजवायला हात मोकळे नकोत का तुमचे?"